उच्च ऊर्जेची इंधने आणि रॅमजेटची परीक्षावाहने



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आचार्यांनी रसायनशास्त्राच्या अध्यापनात हयात घालविली. आणि ज्वलनाचे समीकरण फळ्यावर मांडताना त्याच्या डाव्या बाजूपेक्षा उजव्या बाजूकडे, म्हणजे काय जळते यापेक्षा जळून काय उरते याकडे, विद्यार्थ्यांचे लक्ष वळविण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे त्यांच्या शिष्यवर्गाकडून मी ऐकत आलो आहे. तो परिपाठ मनात धरूनच आजचा विषय मी मुक्रर केला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रॅमजेट इंजिनांची जी परीक्षावाहने उडविली गेली, त्यांच्यात नेहमीच्या रॉकेलजातीय इंधनाच्या जागी अधिक ऊर्जेची इंधने योजण्याचा जो दीर्घ, खर्चिक आणि धाडसी उद्योग झाला, त्याची हकीकत म्हणजे समीकरणाच्या उजव्या बाजूने डाव्या बाजूवर बजावलेल्या हुकमाचीच हकीकत आहे, असे माझे मत आहे. आणि ते पटवून देण्यासाठी थोड्या तपशिलात शिरण्याची परवानगी मी आपल्यापाशी मागतो.

रॅमजेटची रचना इतकी साधी आहे की त्याला यंत्र म्हणताना मन क्षणभर कचरते. पुढे हवा घेणारे मुख, मध्ये ज्वलनकक्ष, मागे आकुंचित होऊन पुन्हा विस्तारणारे निर्गमद्वार. फिरणारे चक्र नाही, संपीडक नाही, टर्बाइन नाही. हवा दाबण्याचे जे काम इतर जेट इंजिनांत पात्यांच्या रांगा करतात, ते येथे वाहनाचा वेगच करतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या मुखात शिरलेली हवा थोपविली असता तिचा दाब, कोठेही हानी झाली नाही असे धरले तर, बाहेरच्या दाबाच्या सुमारे 8 पट होतो आणि तिप्पट वेगाला हेच प्रमाण 37 पटींच्या घरात जाते. परंतु त्याबरोबर हवा तापतेही, आणि स्थितांबरातील उणे 56 अंशांची हवा तिप्पट वेगाच्या वाहनात शिरून थांबते तेव्हा तिचे तापमान 335 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेले असते. हा शेवटचा आकडा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढील पुष्कळ अडचणींचे मूळ त्यात आहे. उलटपक्षी, वाहन जागच्या जागी उभे असताना हाच रॅमजेट म्हणजे निव्वळ पोकळ नळा होय. त्याला प्रथम दुसऱ्या कोणीतरी वेग द्यावा लागतो, मग तो तोफेने दिलेला असो, अग्निबाणाने असो वा विमानाने.

फ्रान्समध्ये रने लोराँ यांनी ही कल्पना 1913 मध्ये मांडली, आणि त्याच देशात रने लदुक यांचे रॅमजेट विमान 1949 मध्ये, दुसऱ्या विमानाच्या पाठीवरून सुटून, स्वतःच्या शक्तीवर उडाले. या दोहोंच्या मधल्या काळातील एक प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मॉस्कोतील प्रक्षेपणाभ्यासकांच्या गटात काम करणारे यूरी पोबेदोनोस्त्सेव यांनी 1933 मध्ये लहानसे रॅमजेट तोफेच्या गोळ्यात बसविले आणि इंधन म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल न घेता फॉस्फरस घेतला. आरंभवेग तोफेने द्यावा, पंप व टाकी यांचा पसाराच नसावा, आणि इंधन असे असावे की हवेची गाठ पडताच ते आपणहून पेटावे, ही त्या योजनेतील दृष्टी होती. म्हणजे असाधारण इंधन आणि परीक्षावाहन यांचा संबंध रॅमजेटच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. आणि वाहन इंधनाला अनुरूप करावे लागते हे सूत्रही त्या पहिल्या गोळ्यातच दिसते.

महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने 6 इंच व्यासाचे रॅमजेट न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून 1945 मध्ये उडविले, तेव्हा त्याचा नळा थंडरबोल्ट लढाऊ विमानाच्या धूरनळीपासून बनविला होता. यानंतरच्या दशकात दोन प्रकारची परीक्षावाहने पुढे आली. क्लीव्हलंड येथील लुइस प्रयोगशाळा, जी त्या वेळी राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीच्या अखत्यारीत होती, ती 16 इंच व्यासाची रॅमजेट वाहने जोडधडाच्या ट्विन मस्टँग विमानाच्या पंखाखाली टांगून व्हर्जिनियातील वॉलप्स बेटाजवळ अटलांटिक महासागरावर सोडीत असे. ती वाहने उड्डाणाअंती समुद्रार्पण होत; त्यांनी दिलेला हिशेब काय तो रेडिओवरून आलेल्या दाबांचा, तापमानांचा आणि त्वरणाचा. दुसरा प्रकार लॉकहीड कंपनीच्या एक्स-7 या वाहनाचा. 1951 पासून 1960 पर्यंत हे वाहन प्रथम बी-29 आणि पुढे बी-50 या बाँबफेकी विमानांखालून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर सुटत असे. त्याच्या पोटाखाली मार्क्वार्ट कंपनीची निरनिराळ्या मापांची रॅमजेट इंजिने बदलून बसविता येत. आणि काम आटोपल्यावर ते हवाईछत्रीने खाली येई, तेव्हा नाकावरचा लांब लोखंडी सुळा जमिनीत रुतून वाहन उभेच्या उभे राही, जेणेकरून इंजिनाला धक्का लागू नये. ध्वनीच्या चौपटीहून अधिक वेग त्याने गाठला. हवेत जळलेले इंजिन दुसऱ्या दिवशी टेबलावर उघडून पाहता येणे, ही त्या काळी फार मोठी सोय होती. समुद्रात बुडालेल्या इंजिनाच्या अंतर्भागात काय साचले होते हे रेडिओच्या रेषांवरून केवळ ताडावे लागे.

आता इंधनांकडे वळू. रॉकेलजातीय इंधनाचा एक किलोग्रॅम जळला म्हणजे सुमारे 43 मेगाज्यूल उष्णता मिळते. बोरॉन या मूलद्रव्याचा किलोग्रॅम 58 ते 59 मेगाज्यूल देतो. बोरॉन आणि हायड्रोजन यांचे पेंटाबोरेन हे द्रवरूप संयुग सुमारे 68. आणि हायड्रोजन स्वतः 120, पण त्याची घनता इतकी अल्प की द्रवरूपातही त्याला प्रचंड टाकी लागते. मॅग्नेशियम या पंक्तीत बसविले तर पहिल्या दर्शनी हिणकस ठरते, कारण त्याचा किलोग्रॅम सुमारे 25 मेगाज्यूलच देतो. परंतु हिशेबाची ही एकच रीत नव्हे. रॅमजेटला इंधन टाकीतून मिळते, पण प्राणवायू मात्र मुखातून जितका शिरेल तितकाच. तेव्हा एक किलोग्रॅम प्राणवायूवर किती उष्णता काढता येते हेही विचारले पाहिजे. या दुसऱ्या रीतीने पाहता रॉकेल सुमारे साडेबारा मेगाज्यूल देते, पेंटाबोरेन 22, बोरॉन 26, आणि ते हिणकस वाटलेले मॅग्नेशियम 37. लांबचा पल्ला गाठायचा असेल तर पहिला हिशेब खरा. विरळ हवेत उंच चढायचे किंवा थोड्या वेळासाठी मोठा रेटा काढायचा असेल तर दुसरा. लुइस प्रयोगशाळेतील संशोधकांनी हे दोन्ही हिशेब जवळ ठेवले, आणि म्हणूनच त्यांनी एकीकडे बोरेनांचा, म्हणजे बोरॉन-हायड्रोजन संयुगांचा, आणि दुसरीकडे मॅग्नेशियम व बोरॉन यांची बारीक पूड रॉकेलात कालवून केलेल्या दाट मिश्रणांचा अभ्यास समांतर चालविला. कोणते इंधन श्रेष्ठ, या प्रश्नाला कामगिरी सांगितल्यावाचून उत्तर नाही, हा विवेक त्यांच्या कामात आहे, आणि पुढे ज्यांनी अंदाजपत्रके मंजूर केली त्यांच्यापर्यंत तो पुरेसा पोचला नाही, याचे मला वाईट वाटते.

बोरेनांचा शोध हा एका तपस्व्याचा पराक्रम होय. जर्मनीत आल्फ्रेड श्टोक यांनी 1912 पासून ही संयुगे एकामागून एक वेगळी केली. हवेचा स्पर्श होताच त्यांतील काही पेट घेत, म्हणून सर्व काम निर्वात काचनलिकांत, पाऱ्याच्या झडपा लावून करावे लागे, आणि त्या पाऱ्याच्या वाफेने श्टोक यांच्या प्रकृतीची कायमची हानी केली. त्यांच्या काचसामानात चिमूटचिमूट तयार झालेले हे पदार्थ टनांनी तयार करण्याची योजना अमेरिकेच्या नौदलाने 1952 मध्ये हाती घेतली, ती झिप प्रकल्प या नावाने ओळखली जाते. ऑलिन मॅथिसन आणि कॅलरी केमिकल या कंपन्यांना कामे दिली गेली, कारखाने उभे राहिले, आणि पेंटाबोरेन व डेकाबोरेन यांना कार्बनी शाखा जोडून साठवणुकीला त्यातल्या त्यात सोसवणारी इंधने बनविण्यात आली.

आता एखाद्या परीक्षावाहनात रॉकेलाऐवजी पेंटाबोरेन घालायचे ठरविले तर काय काय बदलावे लागते, ते पाहू. प्रथम टाकी. पेंटाबोरेन 60 अंशांच्या सुमारास उकळते आणि हवेशी गाठ पडताच बहुधा पेटते. म्हणून टाकी, नळ्या, झडपा या सर्वांतून हवेचा अंशही राहू न देता कोरड्या नायट्रोजनने किंवा हेलियमने त्या भराव्या लागतात, आणि इंधन ढकलण्याचे कामही त्याच निष्क्रिय वायूच्या दाबाने करणे श्रेयस्कर ठरते. नळ्या धुण्याचा बंदोबस्तही बदलतो. त्या काळी प्रत्येक कर्मशाळेत वंगण काढण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरण्याची वहिवाट होती. पेंटाबोरेनशी त्याचे मिश्रण झाले तर ते धक्क्याने फुटणारे स्फोटक बनते. म्हणजे जी दक्षता रॉकेलच्या कामात पुण्यकर्म समजली जाई, तीच येथे प्राणघातक. शिवाय पदार्थ स्वतः उग्र विषारी. त्याची बाधा मज्जासंस्थेला होते, हातापायांना कंप सुटतो, आचके येतात, स्मृती भ्रंशते, आणि लक्षणे कधीकधी बऱ्याच तासांनी उमटतात, त्यामुळे बाधा झाली हे त्या मनुष्यास वेळेवर कळतही नाही. वाहनात इंधन भरणाऱ्या तंत्रज्ञांची नावे इतिहासात येत नाहीत. पण मुखवटा चढवून, वाऱ्याची दिशा पाहून, त्या नळ्यांची जोडणी करणाऱ्या या मंडळींचे धैर्य मला वैमानिकाच्या धैर्याहून तिळमात्र कमी वाटत नाही.

टाकीनंतर शिंपणनलिका. रॉकेल जळावे म्हणून ते ज्वलनकक्षाच्या बरेच अगोदर हवेत शिंपडतात, जेणेकरून त्याची वाफ होऊन ते हवेत मिसळावे. आणि मग वेगवान प्रवाहात ज्योत विझू नये म्हणून ज्वालाधारकाची, म्हणजे प्रवाहात आडव्या बसविलेल्या पन्हळी कड्यांची, योजना करावी लागते. पेंटाबोरेनला ही वाटचाल नको असते. मघाशी सांगितलेल्या 335 अंशांच्या हवेत ते शिंपडताच तेथल्या तेथे पेटते. ज्योत मुखाच्या दिशेने पुढे सरकून जेथे जळू नये तेथे जळते, आणि शिंपणनलिकेच्या टोकाशी इंधनाचे विघटन होऊन तपकिरी-काळा कठीण थर जमतो. एखाद्या सुईच्या जाडीचे छिद्र या थराने अर्धे बुजले की फवारा एका अंगाला वळतो, कक्षाची एकच बाजू तापते, आणि धातूला भोक पडण्यास काही सेकंद पुरतात. म्हणून लुइस प्रयोगशाळेने 9.75 इंच व्यासाच्या रॅमजेटमध्ये पेंटाबोरेनचे जे उड्डाणप्रयोग केले, त्यांत इंधन प्रवाहाच्या खालच्या अंगास, कक्षाच्या अगदी तोंडाशी सोडण्याची रचना अभ्यासली. याचा लाभही मोठा: ज्वलन इतके जलद की कक्षाची लांबी कमी करता येते, आणि ज्वालाधारकामुळे प्रवाहाला होणारा अडथळा टाळता येतो. ज्या विरळ हवेत रॉकेलची ज्योत टिकत नाही तेथेही बोरेनची ज्योत, हिरवी झगझगीत, टिकून राहते. इंधनाच्या स्वभावाला अनुसरून वाहन बदलले की दोषातूनच गुण निघतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता समीकरणाची उजवी बाजू. रॉकेल जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. दोन्ही वायुरूप, दोन्ही मुकाट्याने बाहेर पडणारे. बोरॉन जळून बोरॉन ऑक्साइड होते, ते 450 अंशांच्या सुमारास वितळते आणि 1860 अंशांच्या सुमारास उकळते. या दोन तापमानांच्या दरम्यान ते चिकट, काचेसारखे द्रव असते. आपल्याकडील सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतो, तो बोरॉनचाच क्षार. तापल्यावर वितळून तो धातूवर पसरतो, धातूला चिकटून राहतो, आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. सोनाराला जो गुण उपयोगी पडतो तोच इंजिनाच्या निर्गमद्वारात अनर्थ करतो. भिंती कक्षातील वायूपेक्षा थंड असतात, म्हणून ऑक्साइड त्यांच्यावर जमते. गळ्याचा व्यास कमी झाला की कक्षातील दाब वाढतो. वाढलेला दाब पुढे सरकत मुखाशी असलेल्या आघाततरंगाला बाहेर ढकलतो. मुखात शिरणारी हवा ओसंडून बाजूने जाऊ लागते, प्रवाह धडधडू लागतो आणि रेटा एकाएकी ढासळतो. रेडिओवरून येणाऱ्या दाबाच्या रेषेत ही धडधड दिसावी, तर दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडेही त्याच काचेने बुजू शकतात. म्हणजे साक्षीदारच फितूर होतो. त्यासाठी या नळ्यांच्या तोंडांची जागा आणि त्यांतून सतत थोडा वायू बाहेर सोडण्याची तजवीज यांचा विचार वाहनाच्या आराखड्यातच करावा लागतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तक्त्यात लिहिलेले 68 मेगाज्यूल हे ऑक्साइड पूर्णपणे थिजले असे धरून काढलेले असतात. कक्षात मिश्रण समृद्ध ठेवून तापमान फार वाढविले, तर ऑक्साइडाचा काही भाग वायुरूप राहतो आणि काही भाग पाण्याच्या वाफेशी संयोग पावून मेटाबोरिक अम्लाची वाफ बनतो. त्या वाफांत अडकलेली उष्णता निर्गमद्वारातून बाहेर पडण्यापूर्वी परत मिळाली नाही, तर ती खर्ची पडते पण जमेस येत नाही. म्हणून बोरॉनचा लाभ विरळ मिश्रणावर, लांब पल्ल्याच्या संथ दौडीत, तक्त्याच्या जवळ जातो आणि कमाल रेटा मागितला की घटतो. इंधनाच्या पिंपावर लिहिलेली ऊर्जा ही इंधनाची मालमत्ता नसून इंधन व इंजिन यांची सामाईक मालमत्ता आहे. ती किती पदरात पडेल हे वाहनाने ठरवायचे.

झिप प्रकल्पाचे जे झाले ते या दृष्टीने पाहिले म्हणजे उलगडते. रॅमजेटमध्ये निदान फिरती पाती नव्हती. टर्बाइनच्या पात्यांवर तीच काच चढली की इंजिन निकामी व्हायला वेळ लागत नाही, हे क्लीव्हलंडमधील पूर्ण आकाराच्या टर्बोजेटच्या परीक्षांत दिसून आले. तरीही मोठी आशा बाळगली गेली ती एक्सबी-70 व्हाल्कीरी या बाँबफेकी विमानाविषयी, ज्याच्या टर्बोजेटच्या पश्चज्वलकात, म्हणजे टर्बाइनमागील दुय्यम ज्वलनकक्षात, हे इंधन जाळायचे होते. ऑगस्ट 1959 मध्ये बोरॉन-इंधनाचा तो कार्यक्रम बरखास्त झाला. उरलेले पेंटाबोरेन कित्येक दशके पिंपांत पडून राहिले, आणि केंटकीतील लष्करी कोठारात शेवटी निरुपद्रवी करण्यात आले. टीकाकार म्हणतात की कोट्यवधी डॉलर पाण्यात गेले. मला हा निवाडा पुरा मान्य नाही. ट्रायएथिलबोरेन हे बोरॉनचेच इंधन पुढे एसआर-71 या विमानाच्या इंजिनात केवळ पेटवण म्हणून, औंसांच्या हिशेबाने, वापरले गेले आणि ते काम त्याने चोख बजावले. चूक झाली ती बोरॉन निवडण्यात नव्हे, तर दुसऱ्या इंधनासाठी घडविलेल्या इंजिनात ते ओतून चालेल असे मानण्यात.

ज्या ठिकाणी इंजिनच बोरॉनसाठी घडविले गेले तेथे बोरॉन टिकले. घनइंधनी नळीयुक्त रॅमजेटमध्ये टाकी नसते, पंप नसतो. इंधनाने समृद्ध आणि प्राणवायूने दरिद्री असा घनगोळा पहिल्या कक्षात अर्धवट जळतो, त्याचा तप्त धूर, त्यातील बोरॉनच्या कणांसह, दुसऱ्या कक्षात येतो, आणि तेथे बाहेरून घेतलेल्या हवेत उरलेले ज्वलन पूर्ण होते. युरोपातील मीटिऑर क्षेपणास्त्रात बोरॉनयुक्त घनइंधन आहे. आपल्या देशात हैदराबादची संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा, तेथीलच ‘रिसर्च सेंटर इमारत’ ही संस्था आणि पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने या जातीचे रॅमजेट विकसित झाले. 2018, 2019, 2021 आणि 2022 या वर्षांत ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूर येथून त्याच्या उड्डाणपरीक्षा झाल्या. 2021 च्या परीक्षेत विमानातून सोडल्याची परिस्थिती जमिनीवरूनच निर्माण करण्यासाठी आधी एक प्रवर्तक अग्निबाण जोडला होता, आणि त्यानंतर निर्गमद्वाराविना चालणाऱ्या दुसऱ्या प्रवर्तकाने वाहनास रॅमजेट पेटण्याइतका वेग दिला. पुण्यातल्या पाषाणच्या परिसरात हे रसायन घडविणारे लोक आपले शेजारी आहेत, आणि या सभागृहातील विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या त्यांच्यात सामील होतील, म्हणून शेवटचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवतो.

बोरॉनचा कण पेटण्यास फार कठीण. कण तापू लागला की त्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्साइड बोरॉनच्या कितीतरी आधी वितळते आणि द्रवाचे कवच कणाला लपेटून घेते. प्राणवायूला त्या कवचातून झिरपत जावे लागते, आणि कण 1600 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊन कवच उडून जाईपर्यंत ज्वलन रेंगाळते. तेवढ्या अवधीत तो दुसऱ्या कक्षाच्या बाहेर पडला तर न जळताच गेला. सहज पेटणाऱ्या आणि 1090 अंशांना वाफ होणाऱ्या मॅग्नेशियमची भर घालून परिसर तापविता येतो, पण मॅग्नेशियमचा प्रत्येक हिस्सा बोरॉनची जागा खातो आणि पल्ला घटवितो. कक्ष लांब करावा तर वजन वाढते. कण अधिक बारीक करावेत तर त्यांच्या पृष्ठभागावरचे मूळचे ऑक्साइड प्रमाणाने वाढते आणि घनगोळा ओतताना मिश्रण आवरेनासे होते. जमिनीवरील नळीजोड परीक्षेत, म्हणजे नळीने थेट कक्षात हवा सोडून केलेल्या परीक्षेत, हवा दाट असली तर निकाल उजवा दिसतो. उंचीवर कक्षातील दाब उतरतो आणि तीच रचना बोरॉनचा मोठा वाटा न जळताच बाहेर टाकू शकते. तेव्हा परीक्षेत रेटा मोजून थांबू नये. निर्गमद्वारातून बाहेर पडणारी पूड गोळा करावी, तिचे पृथक्करण करून तीत मूळ बोरॉन किती आणि ऑक्साइड किती हे तोलावे, आणि तो आकडा कक्षातील दाबाच्या प्रत्येक पायरीवर, उंचीच्या मर्यादेपर्यंत, वेगळा नोंदवावा.